आधी सामान मोजा, मग भिंत

फळ्या करायच्या म्हटलं की आपण टेप घेऊन भिंतीकडे जातो. मी म्हणेन, आधी सामान मोजा. बहुतेक पुस्तकांना १० इंच खोल फळी पुरते. स्वयंपाकघरात डब्यामागे डबा लागला की मागचा विसरलाच म्हणून समजा, तिथेही १२च्या आत राहा.

८ बाय ४च्या प्लायमधून १२-१२ इंचांच्या ४ पट्ट्या निघतील असं वाटतं. निघत नाहीत हो! करवतीचं पातं दर कापाला ३ मिलिमीटर खातं. पावणेबारा धरा.

पुस्तकांची फळी मात्र जपून. १८ मिलिमीटर प्लायला अडीच फुटांवर आधार हवाच. भरगच्च फळीची लांबी दुप्पट केलीत, तर बाक दुप्पट नाही, १६ पट येतो. पुढच्या कडेला दीड इंचाची लाकडी पट्टी उभी लावा, फरक दिसेल.

सिंकजवळ आयएस ७१०चा शिक्का असलेलंच प्लाय. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागे इंचभर हवा खेळू द्या.

नव्या इमारतींत बऱ्याचदा एएसी ब्लॉकची भिंत असते. त्यात साधा प्लग सैल होतो, ब्लॉकसाठीचा वेगळा मिळतो, तोच मागा. आणि मुलांच्या उशाशी, डोक्यावर फळी? ती मी सुचवणारच नाही.