साथीचे पहिले दिवस आणि शेतकऱ्याचं घर



सन २०२० चा गुढीपाडवा आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. तारीख होती २५ मार्च. आदल्या रात्री आठ वाजता देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्याआधी पंधरा-सोळा दिवस, म्हणजे ९ मार्चला, पुण्यात राज्यातले कोरोनाचे पहिले दोन रोगी सापडले होते. पाडव्याला दारात गुढी उभी राहिली, पण शेजारी साखरेची गाठी द्यायला जावं की न जावं, याचाच घोर. शिवारात गव्हाची मळणी चालू, कांदा काढणीला आलेला, द्राक्षं वेलीवर. आणि घरात? शाळा बंद म्हणून पोरं घरी, कारखाने बंद म्हणून पुण्या-मुंबईची मुलं घरी, एस. टी. बंद म्हणून माहेरपणाला आलेली लेक घरीच अडकलेली. पाच माणसांचं घर दहाचं झालं.

आज मी बोलणार आहे ते आजाराविषयी कमी आणि घराविषयी जास्त. कोरोनाची लस आपल्याकडे द्यायला सुरुवात झाली १६ जानेवारी २०२१ ला. म्हणजे पहिले दहा महिने आपल्या हाती लस नव्हती, नेमकं औषध नव्हतं. होती ती घरातली रीत. उद्या एखादा नवा आजार आला तर त्याचेही पहिले महिने असेच जातील. म्हणून त्या दिवसांत काय साधलं आणि काय फसलं, ते निवांतपणी बघून ठेवावं हे बरं.

आपल्या जुन्या माणसांना साथ नवी नव्हती. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढं कित्येक वर्षं गावोगाव फिरत राहिला. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरं सोडून रानात झोपड्या घालून राहायचं. १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला, त्याला आपल्याकडे मानमोडी म्हणत. प्लेग पसरायचा उंदरांवरच्या पिसवांमुळं, तेव्हा उंदरांपासून दूर गेलेली माणसं वाचायची. कोरोनाचा आणि पिसवांचा काही संबंध नाही. पण मोकळ्या रानात राहणं याही साथीत उपयोगी पडलं, ते वेगळ्या कारणानं. ते कारण आता सांगतो.

पहिल्या दिवसांत आपण कशाकशाला भ्यालो ते आठवा. भाजी साबणाच्या पाण्यात बुडवली. नोटा उन्हात वाळत घातल्या. काही ठिकाणी वेशीवर येणाऱ्या माणसाच्या अंगावर फवारणीच्या पंपानं सोडियम हायपोक्लोराइट मारलं. हे जंतुनाशक पाणी फरशी पुसायला, कडीकोयंड्याला ठीक. माणसाच्या अंगावर नव्हे. डोळे चुरचुरतात, कातडी जळते, आणि छातीत उतरलेला विषाणू त्यानं काही मरत नाही. केंद्राच्या आरोग्य खात्यानं १८ एप्रिल २०२० ला तसं कळवलंही होतं. पण भीती माणसाला हातात काहीतरी करायला लावते, आणि पंप तर प्रत्येकाच्या घरात आहे!

एवढी धुण्यापुसण्याची यातायात करून आपण रात्री झोपत होतो कुठं? दारं-खिडक्या लावून, एका खोलीत आठ-दहा माणसं. पुढं तज्ज्ञांच्या ध्यानात आलं की हा आजार वस्तूंपेक्षा श्वासातून, कोंडलेल्या हवेतून जास्त पसरतो. भाजीच्या जुडीपेक्षा बंद खोली वाईट. म्हणून श्वासानं पसरणारी साथ आली तर पहिल्या दिवशी बाजा बाहेर काढा. ओसरी, पडवी, अंगण, गच्ची, मळ्यातली खोप, जे असेल ते वापरा. खेड्यातल्या माणसाजवळ शहरापेक्षा ही एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे मोकळं वारं. बोलणं-बसणं झाडाखाली करा. नाक-तोंड पंचानं किंवा पदरानं झाकायचं तर कापड दोन-तीन पदरी घ्या आणि नाकावरून घ्या. हनुवटीवर लोंबणारा पंचा काही कामाचा नाही. साबणानं हात मात्र जरूर धुवा. या विषाणूच्या भोवती चरबीचा पापुद्रा असतो. तुपकट भांडं साबणानं जसं सुटतं तसा तो पापुद्रा सुटतो. त्याला वीस सेकंद तरी चोळायला हवं.

आणि ती चंची! एकाच चंचीतली तंबाखू चौघांनी मळायची, एकानं चुना लावून दुसऱ्याच्या तळहातावर ठेवायची, ही आपली जुनी माणुसकी. साथीत तिला आवर घालावाच लागतो. पाणी वरून प्या, तांब्या तोंडाला लावू नका. रस्त्यावर थुंकू नका, हे तर साथ नसतानाही सांगायला हवं.

आता बाहेरच्या कामांचं. ज्या घरांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं की बाहेर जाईल तो एकच माणूस, त्यांचं बरं चाललं. घरातला धडधाकट, मधल्या वयाचा माणूस त्यासाठी नेमावा. बाजार, दुकान, सोसायटी, दवाखान्यातून औषध आणणं, सगळं त्यानं एका फेरीत करावं. आल्यावर घरात शिरण्याआधी हात-पाय धुवावेत आणि थोडे दिवस म्हाताऱ्या माणसांपासून लांब बसावं. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध घालायला गेलं की तिथं गर्दी होते, तिथं घोळका करून गप्पा मारू नयेत. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद झाल्यामुळं त्या उन्हाळ्यात दुधाला उठाव नव्हता. ज्यांचं दूध परत आलं त्यांनी विरजण लावून तूप काढलं, खवा केला. तासगावच्या बाजूला द्राक्षं बाजारात जाईनात, तेव्हा कितीतरी बागाईतदारांनी त्यांचा बेदाणा केला. नाशवंत मालाला टिकाऊ करायची विद्या घरात असली की अशा वेळी ती उपयोगी येते.

शेतीचं काम बंद करा असं सरकारनं कधी म्हटलं नव्हतं. २७ मार्च २०२० लाच शेतकरी आणि शेतमजूर यांची शेतातली कामं, बाजार समित्या, खतं-बियाण्याची दुकानं यांना सवलत दिली होती. पण ही बातमी अनेकांच्या कानी उशिरा गेली, आणि तोवर कुणाचा कांदा, कुणाचं टरबूज रानात पडून राहिलं. म्हणून बातमी ऐकताना काय बंद आहे ते जसं ऐकतो, तसं काय चालू आहे तेही ऐकावं. अफवेला तर दारातच थांबवावं. कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो असं फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी उठवलं आणि कुक्कुटपालकांचे संसार बसले. जनधन खात्यात बायांना महिना पाचशे रुपये आले, तर ते काढले नाहीत तर परत जातील अशी आवई उठली. झालं, बँकेपुढं रांगाच रांगा. पैसे कुठं जाणार नव्हते.

घरातला हिशेब पहिल्या दोन दिवसांत करावा. धान्य किती, तेल-मीठ-गूळ किती, सरपण किंवा गॅस किती. आणि सगळ्यात आधी औषधं. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या एक महिन्याच्या घरात हव्यात. किराणा थोडा कमी असला तर चालतो, गोळी चुकलेली चालत नाही.

आता जे बोलणार आहे ते पुरुष मंडळींनी जरा नीट ऐकावं. टाळेबंदीत सगळ्यांची कामं कमी झाली, फक्त घरातल्या बाईचं काम वाढलं. पाचाची दहा माणसं झाली म्हणजे वीस भाकऱ्यांच्या चाळीस झाल्या, घागरी दुप्पट झाल्या, धुणं दुप्पट झालं. त्यात प्रत्येकाची उठायची वेळ वेगळी, चहाची वेळ वेगळी. चूल दिवसभर विझेचना. शहरातून आलेल्या मुलाला वाटायचं आपण सुट्टीवर आलो, आणि आई पहाटे चारला उठून पाणी भरायची. ज्या घरांत पहिल्या आठवड्यात जेवणाच्या दोन वेळा बांधून घेतल्या, आपलं ताट आपण धुवायचं ठरलं, पाणी पुरुषांनी आणायचं ठरलं, त्या घरांतली बाई आजारी पडली नाही असं मी म्हणत नाही. पण पडली तेव्हा तिच्यावाचून घर अडलं नाही. भाकरी थापता येत नसेल तर डाळ-तांदूळ निवडा, भांडी घासा. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. त्या वर्षी कितीतरी गच्च्यांवर बाप्ये माणसं कुरडया घालताना दिसली आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही. आणखी एक गोष्ट. कोंडून राहिलं की रागही वाढतो. तो बायको-पोरांवर काढू नये. राग आला तर मळ्यात जावं, दोन वाफे खुरपावेत.

आणि आता बाहेरगावाहून येणारा आपला माणूस. पहिल्या दिवसांत सगळ्यात अवघड कोडं हेच होतं. काही गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, रस्त्यावर दगड लावले. त्या काट्यांनी विषाणू अडला की नाही कोण जाणे, पण अडलेल्या बाळंतिणीच्या गाडीलाही त्याच काट्या आडव्या येतात. मुंबई-नाशिक रस्त्यानं डोक्यावर गाठोडी घेऊन चाललेली मजूर माणसं आपण पाहिली. आपल्याच मराठवाड्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळावर अडकून पडले, त्यांना गावी जायला परवानगी मिळाली ती १७ एप्रिलला. ही सगळी कुणाची ना कुणाची मुलंबाळंच.

मुलगा पुण्याहून, मुंबईहून निघाला की त्याला येऊ नको म्हणायचं नाही, आणि आल्या आल्या मिठीही मारायची नाही. चौदा दिवस त्याची जागा वेगळी. अनेक गावांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत सोय केली. ज्यांना मळा होता त्यांनी खोपीत केली. चौदाच का? तर या आजाराची लक्षणं बहुतेकांत पाच-सहा दिवसांत दिसतात, आणि उशीर झाला तरी चौदा दिवसांत जवळजवळ सगळ्यांत दिसून जातात. दुसऱ्या आजाराला दुसरे दिवस असतील, ते डॉक्टर सांगतील. त्याचं ताट, तांब्या, अंथरूण निराळं ठेवा. डबा कट्ट्यावर ठेवून मागं व्हा. पण मग लगेच घरी पळू नका. दहा पावलांवर बसून त्याच्याशी बोला. गावातली जनावरं, पाऊस, विहिरीचं पाणी, काहीही बोला. वेगळं ठेवणं आणि वाळीत टाकणं यात फरक आहे आणि त्या पोराला तो लगेच कळतो. ज्यांना गावानं नावं ठेवली, त्यांच्यातल्या काहींनी पुढं ताप लपवला. लपवलेला ताप हा सगळ्या गावाला महाग पडतो. आशाताई विचारायला आली तर खरं सांगा. ती घरोघर उन्हात फिरत होती ती आपल्यासाठीच.

म्हाताऱ्या माणसांना या आजाराचा धोका सगळ्यांत जास्त, म्हणून त्यांची बाज वेगळी, वाऱ्यावर. त्यांच्याजवळ जाणारी माणसं एक-दोनच. नातवंडांनी गळ्यात पडायचं नाही, लांबून बोलायचं. धाप लागली, ओठ निळसर दिसले, किंवा बोटाला लावायच्या यंत्रात प्राणवायूचा आकडा ९४ च्या खाली गेला तर काढा देत बसू नये, दवाखाना गाठावा. काढा घशाला बरा वाटतो, घ्यावा. पण तो दवाखान्याच्या जागी नाही.

लग्नकार्यांचं थोडक्यात सांगतो. त्या वर्षीची अक्षय तृतीया २६ एप्रिलला होती. तो मुहूर्त गेला. पुढं मे महिन्यात पन्नास माणसांत लग्नाला परवानगी मिळाली आणि कैक लग्नं अंगणात उरकली. बँड नाही, पंगती नाहीत, कर्जही नाही. मला तरी त्यात काही उणं दिसलं नाही. मयतीला वीसच माणसं, हे मात्र जड गेलं. खांदा द्यायला भाऊ येऊ शकला नाही, अशी घरं आहेत. त्यांच्याकडे आपण नंतर जाऊन बसलो का, हे ज्यानं त्यानं पाहावं.

राहता राहिली मुलं. दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता, तो झालाच नाही. पुढं २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी टिलीमिली लागू लागली. पण त्याआधीचे चार महिने हातात काही नाही, आणि फोन एकच, तो बापाच्या खिशात. मोठ्या बहिणीला धाकट्याची मास्तरीण करावं, रोज एक तास. आणि मुलांना शेतातलं मोजमापाचं काम द्यावं. त्या मे महिन्यात घरचं सोयाबीन बियाणं वापरा असं कृषी खातं सांगत होतं. घरच्या बियाण्याची उगवण बघणं हे मुलांना करता येण्याजोगं काम आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून सैल गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं ते मुलांनी. सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी नेहमीचं तीस किलो बी पुरतं. साठच आले तर पस्तीस किलो धरा. त्याहून बरेच कमी आले तर ते बी पेरू नका. पेरणीला अजून अवधी आहे तोवर दुसरं बघा. आकडा मुलांनीच वहीत लिहावा, तारखेसकट.