शेतीचे शिक्षण आणि मजुराची भाकर



महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या माणसाने कृषी विद्यापीठातील शिक्षणावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. पण त्या शिक्षणाचा विषय अन्न आहे, आणि अन्नावर बोलण्याचा अधिकार भूक लागणाऱ्या प्रत्येकाला आहे.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झाले. आपल्या पापळच्या पंजाबराव देशमुखांचे नाव ते मिरविते. ज्वारी-कपाशीची सुधारित वाणे तेथून आमच्या बांधापर्यंत आली, हे ऋण मी मानतो. आता तेथील मुले शाश्वत शेती शिकतात. म्हणजे जमीन न खचता, पाणी न आटता पिढ्यान्‌पिढ्या अन्न कसे पिकेल, याचा विचार करतात. माझा प्रश्न एवढाच की, या विचारात शेतमजूर कोठे बसतो?

एक कबुली देतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात सोंगणीची मजुरी ज्वारीत मिळे. मापात मारतात म्हणून आम्ही युनियनवाल्यांनी रोख मजुरीचा आग्रह धरला. मागणी मान्य झाली, गुलाल उधळला. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, पैसा तं भेटला, पन कोठीत काय टाकू?" मी हसलो. आज हसू येत नाही.

पुढे सोयाबीन आले. शेतकऱ्याचेही चुकले नाही. ज्वारीला भाव नव्हता, पाखरे आणि रानडुकरे पीक ठेवीनात. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते आणि मागून हरभरा घेता येतो. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातली जनावरे कमी झाली, आणि जनावरांबरोबर शेणखत. सोयाबीन गिरणीत जाते. मजुराच्या तव्यावर त्याची भाकर होत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य रुपया किलोने देण्याची तरतूद झाली. आमच्या पिशवीत मात्र बहुधा गहू-तांदूळच पडला. त्याने पोट भरले, हे खरे. पुढे २०२३ साली जगाने भरड धान्यांचे वर्ष पाळले, आणि शहरात ज्वारीला मान आला. जिच्या हातांनी ती सोंगली, तिने आता ती दुकानातून घ्यावी!

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी कार्यानुभवासाठी गावी जातात आणि एकेका शेतकऱ्याशी जोडले जातात. त्यांना महिनाभर एका मजुराच्या घराशीही जोडावे. वहीत एकरी उताऱ्याच्या शेजारी त्या घरी काय शिजले, किती विकत आणले आणि निंदणाचे किती दिवस मिळाले, हेही लिहावे. त्या वहीवर गुण द्यावेत. नाहीतर ती कोणी लिहिणार नाही.

जमिनीचा कस तपासायला प्रयोगशाळा आहे. पिकविणाऱ्याच्या ताटाचा कस तपासल्यावाचून कोणतीही शेती शाश्वत म्हणवू नये. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते आपल्या मुलांनी शोधावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.