भीती आणि भरवसा

साथ आली की माणूस स्वतःची काळजी घेतो की नाही, हे त्याला किती माहिती आहे यावरच ठरत नाही. तो कुणाला भितो आणि कुणावर भरवसा ठेवतो, यावर ते जास्त ठरतं.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. पुढे पुण्यातही पसरला. १८९७ मध्ये रँडसाहेबाच्या हुकमावरून गोरे सोल्जर पुण्यातल्या घराघरांत शिरले. देवघर, माजघर काही सुटलं नाही. रोग्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना छावणीत. हेतू साथ रोखण्याचा होता. पण लोकांना प्लेगपेक्षा बुटांचंच भय वाटू लागलं. त्यांनी रोगी लपवले, मृत्यूही लपवले. अखेर २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच वर्षी मुंबईत निराळं घडत होतं. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारीला आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लस नवी, डॉक्टर परका. अफवांना काय तोटा! अशा वेळी खोजा जमातीचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि ती बातमी दूरवर पोचेल असं पाहिलं. इमामांना काही अपाय झाला नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं आणि मग तेही पुढे आले.

माणसाचं मन फार बदललेलं नाही. २०२० मध्ये दारावर कागद चिकटेल, शेजारी तोंड फिरवतील, या लाजेपोटी किती जणांनी खोकला दाबून धरला! २०२१ मध्ये आमच्या मोहल्ल्यात अफवा होती की, लस घेतली तर मूलबाळ होत नाही. आवाहन करणारी गाडी आली की खिडक्या बंद व्हायच्या. मग एके दिवशी मशिदीच्या लाउडस्पीकरवरून पेशइमाम म्हणाले, ‘‘मी काल लस घेतली. दंड दुखतोय, रात्री थोडा ताप होता. आता बरा आहे.’’ दुसऱ्या दिवशी केंद्रावर मोहल्ल्यातल्या बुजुर्ग बायका दिसल्या. मला वाटतं, त्या ‘दंड दुखतोय’नंच काम केलं. त्रास लपवला नाही, म्हणून बाकीचंही खरं वाटलं.

भीतीनं माणूस दार लावून घेतो, भरवशानं दार उघडतो. पण हा भरवसा साथीच्या दिवसांत मागून मिळत नाही. दवाखान्यात एरवी गरिबाशी कसं बोलतात, त्यावर तो जमत जातो. तहान लागल्यावर विहीर खणून कसं भागेल?