नमाजच्या रांगेतली मैत्री



शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा वसतिगृह आणि इस्लाम ही जोडी आपल्याला नवी नाही. आज मात्र मी बोलणार आहे इंडोनेशियातल्या निवासी मदरशांबद्दल. तिथे त्यांना पसांत्रेन म्हणतात. पूर्व जावातलं तेबुइरेंग 1899 चं, गोंतोर 1926 चं. घर सोडून आलेली बारा-तेरा वर्षांची मुलं पहाटेच्या नमाजला उठतात, आपले कपडे आपणच धुतात आणि जुन्या वळणाच्या पसांत्रेनमध्ये चार-पाच जण एकाच परातीत जेवतात. ही मुलं श्रद्धेमुळे सुखी असतात, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. कुराण पाठ असलेल्या मुलालाही सुरुवातीला रात्री आई आठवतेच. श्रद्धा त्याच्यासाठी एक काम चोख करते: दिवसातून पाच वेळा त्याला दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं करते. शेजारी कोण असावं, हे त्याला निवडता येत नाही. रोजच्या त्या सहवासातून मैत्री जमते आणि घराची ओढ सुसह्य होते. गोंतोरच्या पाच मूलतत्त्वांत साधेपणा, स्वावलंबन यांच्या बरोबरीने बंधुभाव आहे, तो उगाच नाही.

कोणी म्हणेल, मग धर्म कशाला, क्रिकेटचा संघ पुरे. पण संघातून कच्चा खेळाडू वगळला जातो. नमाजच्या रांगेतून कोणी वगळला जात नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. कियाईंसमोर, म्हणजे तिथल्या गुरुजींसमोर, मान खाली घालणारं मूल ‘मजेत आहे’ असंच सांगणार! 2022 मध्ये एका नामांकित पसांत्रेनमध्ये मोठ्या मुलांच्या मारहाणीत एक विद्यार्थी दगावला. त्याच वर्षी धार्मिक शाळांमधल्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध तिथल्या धर्म मंत्रालयाला नियमावली काढावी लागली. नमाज तिथेही पाच वेळा होत होती. म्हणून श्रद्धेवर सगळा भार टाकणं मला धोक्याचं वाटतं. मोठ्या मुलांच्या हाती शिक्षेचा अधिकार गेला की बरोबरीचं नातं संपतं, आणि ‘मित्राची चुगली करू नये’ ही निष्ठा गुन्ह्यावर पांघरूण घालते. अशा वेळी मुलाला वसतिगृहाबाहेरचं, ऐकून घेणारं मोठं माणूस लागतं. विश्वस्तहो, तुमच्या वसतिगृहातल्या मुलांना असं माणूस कुठे भेटतं? आणि निवड नाही, हारजीत नाही, अशी एकत्र येण्याची वेळ त्यांच्या दिवसात कोणती आहे?