पाण्यातील धातू आणि कार्बनचा प्रकाश

पाण्यात विरघळलेले पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू घातक प्रमाणात असले तरी रंग, वास किंवा चव यांवरून ओळखू येत नाहीत, आणि त्यांचे परिणाम दिसू लागेपर्यंत बहुधा वर्षे उलटून गेलेली असतात. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा मासळीवाटे माणसांच्या शरीरात पोहोचला होता, पण त्या विकाराची अधिकृत नोंद १९५६ साली, रुग्णांचे मज्जासंस्थेचे विकार उघड झाल्यावरच झाली. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. इतकी अल्प मात्रा अचूक मोजणारी उपकरणे आज आहेत, परंतु ती महाग आहेत, त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतात आणि नमुना प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. विहिरीच्या काठावरच प्राथमिक चाचणी करता यावी, या गरजेतून प्रकाशमान कार्बनकणांच्या संशोधनाला बळ मिळाले आहे.

काही पदार्थ अतिनील किंवा निळा प्रकाश शोषून घेतात आणि अत्यल्प काळात, साधारणतः काही नॅनोसेकंदांत, अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती प्रकाशकण पुन्हा उत्सर्जित झाले, हे प्रमाण म्हणजे त्या पदार्थाची क्वांटम कार्यक्षमता होय. कोळसा आणि ग्रॅफाइट यांच्या रूपात परिचित असलेला कार्बन काळा आणि प्रकाश गिळणारा, अशीच त्याची ओळख असल्याने त्याच्यापासून उजळ प्रतिदीप्ती मिळेल, अशी फारशी अपेक्षा नव्हती. २००४ साली अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठात विद्युत्-ठिणगीने तयार झालेल्या काजळीतून कार्बन नलिका शुद्ध करताना काही सूक्ष्म कण वेगळे झाले आणि ते अतिनील प्रकाशात चमकताना आढळले. २००६ साली क्लेमसन विद्यापीठातील या-पिंग सुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कणांच्या पृष्ठभागावर सेंद्रिय रेणूंचे आवरण चढवून त्यांची चमक वाढवली आणि त्यांना कार्बन डॉट हे नाव रूढ झाले. हे कण सामान्यतः दहा नॅनोमीटरहून लहान असतात. ज्या अर्धवाहक क्वांटम डॉटच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या अनेक प्रकारांत कॅडमियम असते. पाणी तपासण्यासाठी कॅडमियमविरहित कण मिळणे हा कार्बन डॉटचा उघड फायदा आहे.

सायट्रिक आम्ल आणि नायट्रोजनयुक्त अमाइन यांचे द्रावण बंद पात्रात सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला काही तास तापवले की असे कण तयार होतात. त्यांच्या पृष्ठभागावर कार्बॉक्सिल, हायड्रॉक्सिल आणि अमाइन हे गट असतात. त्यांच्यामुळे कण पाण्यात सहज मिसळतात आणि धातूंच्या आयनांना, म्हणजे विद्युत्भारित अणूंना, धरून ठेवतात. आयन बांधला गेल्यावर कणातील उत्तेजित इलेक्ट्रॉन प्रकाश देण्याऐवजी त्या आयनाकडे वळतो आणि चमक मंदावते. या प्रक्रियेला शमन म्हणतात. मूळ चमक आणि मंदावलेली चमक यांचे गुणोत्तर मर्यादित कक्षेत आयनांच्या संहतीबरोबर सरळ रेषेत वाढते, हा संबंध स्टर्न आणि फोल्मर या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावरूनच अज्ञात नमुन्यातील धातूचे प्रमाण काढले जाते.

मात्र चमक कमी झाली म्हणजे धातू कणाशी बांधलाच गेला, असे ठरत नाही. फेरिक आयन आणि क्रोमेट हे स्वतःच अतिनील प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे तो कणांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही आणि प्रत्यक्ष बंध न होताही चमक घटते. शिवाय सायट्रिक आम्लापासून बनवलेल्या द्रावणातील निळ्या चमकेचा मोठा भाग कणांचा नसून सोबत तयार झालेल्या लहान सेंद्रिय रेणूंचा असू शकतो. म्हणून अर्धपारगम्य पटलातून ते रेणू वेगळे केल्याशिवाय काढलेला निष्कर्ष कच्चाच राहतो.

संवेदकाची खरी कसोटी लागते ती त्याच्या शोधमर्यादेवर, म्हणजे निश्चितपणे ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणावर. एका लिटरमागे एक मायक्रोमोल ही मर्यादा कागदावर आकर्षक वाटते. पाऱ्याच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ सुमारे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतीय मानकाच्या दोनशे पट, असा होतो. याउलट लोहामुळे कपड्यांवर डाग पडू लागतात ते लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे पाच मायक्रोमोलच्या पुढे, त्यामुळे तीच मर्यादा लोहासाठी पुरेशी ठरते. जो धातू ओळखणे सोपे आहे तो सर्वांत घातक असतोच असे नाही, हे या क्षेत्रातील यशाचे मोजमाप करताना विसरता येत नाही.

नैसर्गिक पाणी आणखी अडचणी उभ्या करते. कुजलेल्या पालापाचोळ्यातील ह्युमिक द्रव्ये स्वतः निळसर चमकतात, खाऱ्या पाण्यातील क्लोराइड पाऱ्याला बांधून ठेवते, आणि आर्सेनिक पाण्यात धन आयनाच्या रूपात नसल्याने धन आयन पकडणारे पृष्ठभाग त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात. यावर उपाय म्हणून दोन रंगांच्या चमकेचे गुणोत्तर मोजणारे संवेदक विकसित होत आहेत. दिव्याची तीव्रता किंवा कणांचे प्रमाण थोडे बदलले तरी त्यांचे वाचन फारसे ढळत नाही.

या सर्व विवेचनावरून कार्बन डॉट प्रयोगशाळेची जागा घेणार नाहीत, परंतु कोणता नमुना तातडीने प्रयोगशाळेत पाठवावा हे ठरवण्यासाठी ते उपयुक्त ठरू शकतील, असा निष्कर्ष निघतो. त्यासाठी प्रत्येक नव्या संवेदकाची चाचणी ऊर्ध्वपातित पाण्याबरोबरच विहीर, नदी आणि नळ यांच्या पाण्यावर व्हावी, आणि त्याची शोधमर्यादा पिण्याच्या पाण्याच्या मानकाशेजारी मांडूनच जाहीर करण्यात यावी.