आधी पक्षाचा उंबरठा

अल्पसंख्याक उमेदवाराची पहिली कसोटी पक्षातच लागते. वडिलांकडून मूळ मालवणजवळच्या वराडचे लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले. पण त्यांच्या फिना गेल पक्षाच्या साध्या सदस्यांनी कौल दिला होता प्रतिस्पर्धी सायमन कोव्हनींना! त्या नेतानिवडीत संसद सदस्यांच्या मतांचं वजन 65 टक्के होतं, साध्या सदस्यांचं 25. म्हणून वराडकर जिंकले. ब्रिटनमध्ये ऋषी सुनकही 2022 मध्ये आधी सदस्यांच्या मतदानात हरले, मग खासदारांच्या बळावर बिनविरोध नेते झाले. सगळं वंशावरच अडलं, असं म्हणणं मात्र घाईचं ठरेल. अमेरिकेतलं चित्र मला अधिक आश्वासक वाटतं. जानेवारी 2008, गोऱ्यांची मोठी बहुसंख्या असलेलं आयोवा राज्य. पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी शाळांच्या सभागृहांत साधे मतदार आपापल्या उमेदवाराचा गट करून उभे राहिले, माणसं मोजली गेली, आणि पहिले आले बराक ओबामा.