बायोप्सीच्या अहवालातला ‘सात’

प्रोस्टेटच्या बायोप्सीच्या अहवालात ‘ग्लीसन ३+४=७’ असं दिसलं, तर नुसती बेरीज वाचून थांबू नका.

प्रोस्टेटचा कर्करोग किती आक्रमक आहे हे ठरवण्याची ही पद्धत अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहत होते ग्रंथींची ठेवण. ग्रंथी सुट्या, रेखीव असतील तर ३. एकमेकींत मिसळून चाळणीसारख्या झाल्या तर ४. ग्रंथीच न उरता पेशी विखुरल्या तर ५. सर्वांत जास्त पसरलेल्या प्रकाराचा आकडा आधी लिहितात. म्हणूनच बेरीज तीच असली, तरी ४+३ हा ३+४ पेक्षा आक्रमक. हा घोळ टळावा म्हणून आता १ ते ५ असे ग्रेड गटही देतात. ३+४ दुसऱ्या गटात, ४+३ तिसऱ्या.

बेरीज ६ असेल आणि रक्ततपासणीतलं पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन) हेही कमी असेल, तर बहुतेकदा लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. ठरावीक काळाने तपासण्या करत लक्ष ठेवतात. ‘काढूनच टाका’ हा घरच्यांचा आग्रह समजतो, पण त्यात लघवीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो. ८ ते १० असेल तर मात्र उपचार लांबवू नका.

अहवाल हाती आला की डॉक्टरांना जरूर विचारा: ग्रेड गट कितवा?